तीन वाट्यांची जमीन

भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत पसरलेल्या ज्या टापूला मुंबईच्या तीन-चार पिढ्यांनी गिरणगाव म्हणून ओळखले, त्या टापूत सुमारे ६०० एकर जमीन ५८ कापडगिरण्यांच्या आवारांत बंदिस्त होती, आणि गेल्या तीन-साडेतीन दशकांत ह्या जमिनीचे जे काही झाले त्याची हकिकत आपल्याकडे बहुधा निसर्गक्रमाच्या भाषेत सांगितली जाते. गिरण्या जुनाट झाल्या, संपाने त्या मोडल्या, जमिनीचे भाव चढले, मनोरे उभे राहिले आणि कामगार निघून गेला, असे ओळीने म्हटले जाते, आणि एका ऋतूमागून दुसरा यावा तसे हे सारे घडले असा ऐकणाऱ्याचा समज होतो. ह्या भाषेस माझी मूलतः हरकत आहे. गिरणगावाचे रूपांतर घडवणाऱ्या प्रत्येक पायरीमागे एक लेखी निर्णय आहे. त्यास तारीख आहे, कलम आहे, सहीशिक्का आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही कोणावर तरी आहे. त्या निर्णयांचा माग काढल्यावाचून आजचे लोअर परळ समजणे अशक्य आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, आणि पुढील अर्धशतकात ह्या बेटावरील शेते, खाजणे आणि नारळीच्या वाड्या धुराड्यांच्या रांगांखाली गेल्या. जमीन उद्योगासाठी मिळाली होती, काही ठिकाणी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, आणि तिच्यावर राबण्यासाठी माणसे आली ती रत्नागिरीहून, सावंतवाडीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून. एका खोलीत गावकीची पंधरा-वीस माणसे राहत; पहिल्या पाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पाठ टेकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. ह्या खानावळवाल्या बायकांच्या कष्टांतूनच प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, आणि ज्यांच्या हातच्या भाकरीवर गिरणगाव चालले त्या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सुटण्याचा एक मार्ग सापडला.

गिरणगावाचे स्मरण करताना त्याचे देव्हारे मांडण्याची प्रवृत्ती मला मान्य नाही. ज्या साचेखात्यात मजुरी अधिक मिळे, तेथे दलित कामगारांस प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरास त्या धोट्याचा विटाळ वाटे; १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. बदली कामगाराचे जिणे तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. परंतु ह्याच गिरणगावाने १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, ह्याच गिरणगावाने अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकास श्रोता दिला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपली माणसे दिली. ही वस्ती शहराच्या मध्यभागी होती, ही गोष्ट ह्या सर्वांच्या मुळाशी आहे. कामगार कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. त्याचा मोर्चा घटकाभरात राजसत्तेच्या दारापर्यंत पोहोचू शकत होता. त्याचे मूल नगरपालिकेच्या शाळेतून निघून परळच्या इस्पितळापर्यंत पायी जाऊ शकत होते. गरिबाला शहराच्या मध्यभागी राहता येणे हे केवळ सोयीचे साधन नव्हते. नागरिक म्हणून त्याच्या वजनाचा तो मोठा हिस्सा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप सर्वश्रुत आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो रीतसर मागे कधी घेतला गेलाच नाही. त्याच्या अपयशाचे खापर बहुतेक वेळा सामंतांच्या हट्टावर फोडले जाते. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार केवळ मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि अडीच लाखांनी ज्याच्यामागे उभे राहावे त्या माणसाशी बोलण्याची कायदेशीर मुभाच मालकांस नको होती, ही बाब तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. संप संपला नाही, तो विरत गेला. ज्यांना परत घेतले गेले नाही त्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, १३ गिरण्यांचे व्यवस्थापन १९८३ मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतले, आणि पुढे मुंबईतील २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे राहिल्या. मालकांच्या लक्षात मात्र एक गोष्ट पुरती आली होती, की कापडापेक्षा कापड विणण्याची जागा अधिक किमतीची झाली आहे.

येथून पुढची हकिकत दप्तरात घडते, आणि म्हणून ती सावकाश वाचली पाहिजे.

मार्च १९९१ मध्ये बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली अमलात आली. त्याच वर्षीच्या जुलैत केंद्रीय अर्थसंकल्पाने देशाची आर्थिक दिशा बदलली, आणि मुंबईत पुढची तीस वर्षे जे घडले ते ह्या दोन दस्तऐवजांच्या संगमात घडले असे माझे मत आहे. नियमावलीतील ५८ व्या नियमाने प्रथमच गिरण्यांच्या जमिनीचा अन्य कारणांसाठी विकास करण्यास मुभा दिली; परंतु ती देताना एक अट घातली, आणि ती अट न्याय्य होती. जमीन साधारण तीन वाट्यांत विभागावी: एक वाटा महापालिकेस बागा व मैदानांसाठी, एक म्हाडास सर्वसामान्यांच्या घरांसाठी, आणि एक मालकास. पाच ते दहा हेक्टरांच्या गिरणीसाठी हे प्रमाण अनुक्रमे ३३, ३४ व ३३ टक्के होते. दहा हेक्टरांहून मोठ्या आवारात म्हाडाचा वाटा ३७ टक्के आणि मालकाचा ३० टक्के होता. ज्या शहराने गिरणीस जमीन, पाणी, रस्ते आणि माणसे दिली त्या शहराचा ह्या जमिनीच्या वाढलेल्या मूल्यावर दोन-तृतीयांश हक्क आहे, हे ह्या नियमाने निःसंदिग्धपणे मान्य केले होते.

मालकांनी ह्या नियमाखाली जमीन देण्याचे शक्यतो टाळले. आजारी उद्योगांच्या पुनर्रचना मंडळाकडून, म्हणजे बीआयएफआरकडून, गिरणीच्या पुनरुज्जीवनाच्या नावाने जमिनीचा तुकडा विकण्याची परवानगी मिळवावी, विक्रीचा पैसा कामगारांच्या थकबाकीसाठी आणि यंत्रसामग्रीसाठी राखून ठेवण्याचे मान्य करावे, आणि गिरणी मात्र हळूहळू थंड पडू द्यावी, असा एक प्रघात पडला. दुसरा प्रघात, उभ्या इमारती न पाडता त्यांचा वापर बदलण्याचा. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस जे बोलिंगचे दालन उघडले, ते कागदोपत्री कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून मंजूर झाले होते अशी तक्रार गिरणी कामगारांच्या चळवळीने वारंवार केली. आज त्या आवारात धुराडे शाबूत आहे आणि त्याभोवती मुंबईतील सर्वांत महागड्या दुकानांपैकी कित्येक आहेत.

वेगळा मार्ग उपलब्ध नव्हता असे मात्र नाही. राज्य सरकारने १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, आणि महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी सुट्यासुट्या न पाहता एकत्र विचारात घेऊन रस्ते, चौक, मैदाने व घरे यांची सलग मांडणी करावी अशी तिची शिफारस होती. शहराच्या हृदयस्थानी इतकी जमीन एकाच वेळी मोकळी होण्याचा प्रसंग एखाद्या महानगराच्या आयुष्यात क्वचितच येतो. तो अहवाल दप्तरात राहिला.

२००१ साली ५८ व्या नियमात फेरफार झाला, आणि माझ्या मते मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातील हा सर्वांत महाग फेरफार आहे. तीन वाट्यांचे तत्त्व कायम राहिले. बदलली ती वाटे करावयाच्या जमिनीची व्याख्या. आता संपूर्ण आवाराचे वाटे करावयाचे नव्हते. ज्या भागावर मुळात बांधकाम नव्हते, तेवढ्याच मोकळ्या भागाचे करावयाचे होते, आणि शेड पाडून मोकळी होणारी जमीन ह्या हिशेबातून वगळली गेली. ज्याने जुनी कापडगिरणी आतून पाहिली आहे त्यास ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. साचेखाते एकमजली असे, दातेरी छपराखाली ते एकराएकरांवर पसरलेले असे, आणि आवारातील बहुतेक जमीन छपराखालीच जाई. उदाहरणादाखल वीस एकरांचे आवार घ्यावे, त्यातील सोळा एकर शेडखाली आहेत असे मानावे. जुन्या नियमाने बागांसाठी साडेसहा एकरांहून अधिक जमीन मिळाली असती आणि घरांसाठी जवळपास सात; नव्या नियमाने वाटे होतात ते उरलेल्या चार एकरांचे, आणि शहराच्या बागेस मिळते सुमारे सव्वा एकर, घरांस साधारण तितकीच. नियमाचा आकार तोच, आशय मात्र पार निघून गेलेला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने ह्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही वाटपात धरली पाहिजे असा त्याचा मथितार्थ होता. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि २००१ चा फेरफार वैध ठरवला. न्यायालयाच्या अंतिम निर्णयापुढे नागरिकाने मान तुकवावी हे योग्यच. परंतु वैध ठरलेली गोष्ट शहाणपणाची होती काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने गमावलेला नसतो.

दरम्यान महामंडळाने विक्री आरंभली होती. २००५ मध्ये ज्युपिटर मिल २७६ कोटींस, अपोलो १८० कोटींस, एल्फिन्स्टन ४४१ कोटींस, दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटींस आणि मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींस गेली. शेवटच्या जमिनीचा पुढचा प्रवास विशेष बोलका आहे. डीएलएफ कंपनीने ७०२ कोटींस घेतलेली ही सुमारे सतरा एकर जागा तिने २०१२ मध्ये लोढा समूहास २,७२७ कोटी रुपयांस विकली. सात वर्षांत त्या जमिनीवर कापडाचा एक वारही विणला गेला नव्हता. मधल्या दोन हजार कोटींचे मूल्य कोणी निर्माण केले? ते निर्माण केले भोवतालच्या शहराने, त्याच्या रेल्वेने, रस्त्यांनी, जलवाहिन्यांनी, आणि चटईक्षेत्राचे नियम शिथिल करणाऱ्या शासनाने. ह्या गिरण्या सार्वजनिक हितासाठी म्हणून राष्ट्राने आपल्या मालकीत घेतल्या होत्या, आणि त्या मालकीतून निपजलेल्या वाढीव मूल्यात राष्ट्राच्या कामगाराचा वाटा शोधूनही सापडत नाही.

हा केवळ गिरण्यांपुरता मामला नव्हता. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात. २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी मिळवण्यासाठी राज्यांस ज्या सुधारणा मान्य करावयाच्या होत्या, त्यांत हा कायदा रद्द करणे ही एक अट होती. २००३ मध्ये मॅकिन्सी ह्या सल्लागार संस्थेने मुंबईस जागतिक दर्जाचे शहर करण्याचा आराखडा सादर केला होता. जमीन ही मुख्यतः भांडवलाची वस्तू आहे आणि शासनाचे काम तिचा व्यवहार सुकर करण्याचे आहे, ही विचारसरणी ह्या सर्वांच्या मुळाशी होती. तिने गृहनिर्माणाचे शासकीय कर्तव्य बिल्डरच्या नफ्याचा उपपदार्थ म्हणून उरवले. लोकसंख्येच्या २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईची बेचाळीस टक्क्यांच्या आसपास वस्ती झोपडपट्ट्यांत आढळली, आणि त्याच गणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरलेली दिसली. मनोरे चढत होते आणि माणसे कमी होत होती.

ती माणसे गेली कोठे, हे सेनापती बापट मार्गावर सकाळी साडेनवाच्या सुमारास उभे राहिले म्हणजे कळते. डोंबिवली, कल्याण, विरार, नालासोपारा येथून येणाऱ्या गाड्यांतून जो लोंढा उतरतो, त्यात एकेकाळी येथेच राहणाऱ्या घराण्यांची मुले-मुली आहेत. कोणी सुरक्षारक्षकाच्या गणवेशात, कोणी कार्यालयाच्या ओळखपत्रासह, कोणी सफाईच्या कंत्राटावर. आजोबा ज्या दारातून कायम नोकरीवर आत गेले, त्याच जागी नातू कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, आणि आजोबा पायी येत होते तेथे नातवास येण्याजाण्यास तीन-चार तास लागतात.

एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्थानके अशा वस्तीसाठी होती जी गिरणीत पायी जात असे. तिच्या जागी लाखो चौरस फुटांची कार्यालये आली, आणि प्रवाशांची संख्या बदलली तरी जुने अरुंद जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी ऐन पावसात एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. दोन्ही घटनांच्या चौकशा झाल्या, रेल्वेची ढिलाई, परवान्यांतील गफलती, अग्निसुरक्षेची हेळसांड ही तात्कालिक कारणे पुढे आली. ती खरी आहेत. परंतु जे दोन वाटे शहरास मिळावयाचे होते, ज्यांतून रुंद रस्ते, मोकळी मैदाने, स्थानकांबाहेरचे चौक होऊ शकले असते, ते न मिळाल्याने गिरणीच्या कुंपणापलीकडचे जुने गल्लीबोळच नव्या मुंबईचा भार वाहत आहेत, ही गोष्ट कोणत्याच चौकशीच्या कक्षेत नव्हती. नियोजनातील अन्याय आणि मृत्यू यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे नेहमी दिसत नाही. येथे तो दिसला, आणि आपण तो लवकर विसरलो.

आता कामगारांच्या घरांविषयी. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ मध्ये स्थापन झाली. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी एप्रिल २०२१ मधील आपल्या निधनापर्यंत ज्या चिकाटीने हा प्रश्न धरून ठेवला, तिचे मोल चळवळीच्या इतिहासात फार मोठे आहे. म्हाडाच्या वाट्यास आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांस घरे मिळाली पाहिजेत, हा हक्क ह्या चळवळीने झगडून मिळवला. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या पटावर होते तो पात्र, असे ठरले, आणि म्हातारे कामगार व त्यांच्या विधवा राज्य विमा योजनेची ओळखपत्रे, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, गिरणीचे जुने पास पिशव्यांत घालून कार्यालयांचे उंबरठे झिजवू लागले. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवणे हे पत्र्याच्या खोलीत, पुराच्या पाण्यात, गावाकडच्या वाळवीत किती कठीण असते, ह्याची कल्पना अर्जाचा नमुना तयार करणाऱ्यास नसावी.

पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, २०१६ मध्ये २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७, आणि २०२० च्या मार्चमध्ये बॉम्बे डाइंग, स्प्रिंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४, एकूण १५,८७०. गिरण्यांच्या जागेवरील घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. कोनच्या घरांचा ताबा कित्येक वर्षे रखडला, मधल्या काळात ती करोनाच्या विलगीकरणासाठी वापरली गेली, आणि कामगारांच्या हाती येईपर्यंत त्यांची दुरवस्था झाली. उर्वरित कामगारांसाठी शासनाने पुढे केलेली तजवीज शेलू आणि वांगणी येथील घरांची आहे. ही गावे बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर आहेत. ज्या माणसाने तीस वर्षे लालबागेत काढली, ज्याचा दवाखाना परळला, ज्याचे भजनी मंडळ करी रोडला, ज्याच्या मुलीची नोकरी वरळीस, त्यास सत्तर-पंचाहत्तराव्या वर्षी तेथे जावयास सांगणे म्हणजे पुनर्वसन करणे नव्हे. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर जमलेल्या गिरणी कामगारांनी आणि वारसांनी हेच सांगितले: घरे मुंबईत हवीत.

बीडीडी चाळींचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण ते थोडे आशादायक आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या ह्या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदली रहिवाशांस त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे म्हाडा देत आहे, आणि वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. देखभालीचा खर्च झेपेनासा होऊन पुढच्या पिढीने ही घरे विकू नयेत, ह्याची तरतूद अद्याप पुरेशी नाही. परंतु शासनाने ठरवले तर श्रमिकांस मुंबईच्या मध्यभागी ठेवता येते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. मग गिरणी कामगारासच वेगळा न्याय का?

गिरणगावाची स्मृती साहित्याने राखली आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने संपानंतरच्या एका घराची पडझड रंगभूमीवर आणली, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुखातून गिरणगावाचा इतिहास ग्रंथबद्ध केला. ह्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे, परंतु पुस्तके आणि वस्तुसंग्रहालये यांवर कामगारांची बोळवण होता कामा नये.

महामंडळाच्या ताब्यातील टाटा, पोदार, दिग्विजय आणि इंडिया युनायटेड क्रमांक ५ ह्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीपासून थांबलेल्या आहेत. ही जमीन अजून सार्वजनिक मालकीची आहे. तिच्या विक्रीची निविदा निघण्यापूर्वी राज्य सरकारने ती केंद्राकडून मागून घ्यावी, १९९१ च्या मूळ प्रमाणात, संपूर्ण आवार हिशेबात धरून, तिचे वाटे करावेत, आणि घरांच्या वाट्यावर पहिला हक्क त्या अर्जदारांचा मानावा ज्यांचे नाव सोडतीत अद्याप निघालेले नाही. ह्या मागणीसाठी कोणताही नवा सिद्धान्त नको, पस्तीस वर्षांपूर्वी ह्याच राज्याने मंजूर केलेला नियम पुरेसा आहे. अर्जदारांपैकी अनेकांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हा निर्णय ह्याच वर्षी झाला पाहिजे, आणि मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने आपल्या लोकप्रतिनिधीस त्याविषयी लेखी विचारावे, अशी माझी विनंती आहे.